एक शून्य राहिलं, त्याबद्दल

मा. संपादक,

स.न.वि.वि.

डिसेंबरात आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर, सोन्या-चांदीच्या भावांखाली, 'दुर्बिणीने टिपला महास्फोट' अशी एक चौकट आली होती. बातमी अशी, की अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला फार फार लांबचा एक तारा फुटलेला दिसला. मजकूर सत्तर-ऐंशी शब्दांचा, चित्र त्याच्या दुप्पट. ती चौकट मी कापून ठेवली आणि तीन आठवडे वाट पाहिली, की कुठेतरी 'चूकभूल' म्हणून दोन ओळी येतील. आल्या नाहीत, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्याच हातात आहे, फक्त आकडे कापू नका.

आधी तक्रार. चौकटीत लिहिलं होतं की हा स्फोट विश्वाच्या जन्मानंतर '७ कोटी ३० लाख' वर्षांनी झाला. तो झाला ७३ कोटी वर्षांनी. मूळ बातमीत ७३० मिलियन असणार, आणि मिलियनचे कोटी करताना कुणाच्या तरी हातून एक शून्य निसटलं. रात्रपाळीत होतं असं. पण हे शून्य साधं नाही. पहिले तारे पेटायलाच विश्वाला दहा-वीस कोटी वर्षं लागली असावीत, असा आजचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या चौकटीतला तारा पेटण्याआधीच विझला.

दुसरी तक्रार शीर्षकाची. मराठीत 'महास्फोट' हा शब्द बिग बँगसाठी रुळलेला आहे. तारा फुटतो त्याला 'अतिनवतारा' असा वेगळा, चांगला शब्द आहे. चौकट आली त्या रविवारी आमच्या शेजारच्या काकांनी पोह्यांवर जीरावन भुरभुरवत मला विचारलं, "ताई, विश्वाचा जन्म दिसला म्हणे दुर्बिणीतून! फोटोपण आलाय." काकांचं काय चुकलं? शीर्षकाचा अर्थ तोच होतो.

या शब्दाची एक गंमत आहे. 'बिग बँग' हे नाव ज्यांच्या तोंडून आलं ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल त्या कल्पनेच्या विरुद्ध होते. १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी तो शब्द वापरला आणि तोच चिकटला. २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेलेले जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य, आणि त्यांनाही महास्फोट कधी पटला नाही. पण ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं कशी शिजतात, हे उलगडण्यात हॉयल यांचाच मोठा वाटा आहे. ज्या स्फोटावर त्यांचा विश्वास नव्हता तो, आणि ज्या ताऱ्यांचं पोट त्यांनी उघडून दाखवलं त्यांचा स्फोट, हे दोन्ही आपण एका शब्दात कोंबले.

तिसरी चूक, 'तेरा अब्ज प्रकाशवर्षांपूर्वी'. प्रकाशवर्ष हे अंतर आहे. इंदूरहून गाडी उज्जैनला किती वाजता पोचते, तर पंचावन्न किलोमीटर वाजता, असं कुणी म्हणत नाही.

आता मी कोण हे सांगायला हवं, नाहीतर आपण म्हणाल ही कोण बाई लागून गेली. मी शिक्षिका नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. शहरातल्या एका रुग्णालयात आधी तीन वर्षं एक्स-रे विभागात आणि पुढे निवृत्तीपर्यंत किरणोपचार विभागात तंत्रज्ञ होते. कोबाल्ट मशीन चालवायचे. त्या बातमीत 'गॅमा' हा शब्द वाचला आणि जुन्या सहकाऱ्याचं नाव पेपरात आल्यासारखं वाटलं.

ज्यांनी ते मशीन पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिसं भरलेलं एक भलंमोठं डोकं असतं. त्याच्या आत दोनेक सेंटीमीटर रुंदीच्या पोलादी डबीत गॅमा किरण सोडणारा कोबाल्ट-६०. आम्ही त्याला 'सोर्स' म्हणायचो. आपल्या देशात हा कोबाल्ट राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होतो. बटण दाबलं की सोर्स सरकून तोंडाशी येतो, दारावरचा लाल दिवा लागतो, आणि शिशाच्या पिवळसर काचेतून आम्ही बाहेरून पाहत राहतो. पाहण्यासारखं काहीच नसतं. उजेड नाही, आवाज नाही, चटका नाही. गावाकडून येणारे पेशंट त्याला 'सिकाई' म्हणतात. देपालपूरकडची एक म्हातारी रोज काउचवरून ओरडायची, "बेन, चालू हुई के नी?" मी माइकवरून म्हणायचे, "हो री है, हिलो मत." तिला ते कधीच खरं वाटलं नाही.

सोर्स दिवसागणिक क्षीण होत असतो. सव्वापाच वर्षांत, नेमकं सांगायचं तर ५.२७ वर्षांत, त्याची ताकद निम्मी होते. म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का घट. डोस तोच द्यायचा तर वेळ वाढवायची. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला आमचे फिजिसिस्ट सर नवा तक्ता काढून कन्सोलच्या वर चिकटवायचे. एका महिन्यात १ तारीख रविवारी आली. सोमवारी सर रजेवर होते, तक्ता टेबलावर पडून होता, आणि मी जुन्याच आकड्यांवर अकरा जणांची सिकाई केली. दुपारी लक्षात आलं तेव्हा पाय लटपटले. सरांना घरी फोन लावला. त्यांनी शांतपणे हिशोब केला: अडीच मिनिटांच्या सिकाईत दीड सेकंद कमी पडला. म्हणाले, "कुणाचं काही बिघडणार नाही. पण वहीत लिही. अकराही नावं लिही." मी लिहिली. त्या दीड सेकंदाची नोंद त्या वहीत अजून असेल, वही राहिली असेल तर. आपल्या शून्यासाठी मी पत्र का लिहिते आहे, ते यावरून कळावं.

आता मूळ बातमीकडे, कारण खरी तक्रार चुकांची नाहीच. ऐंशी शब्दांत 'किती मोठा धमाका' एवढंच आलं. हे स्फोट शास्त्रज्ञ इतक्या लांबून का शोधतात, ते आलं नाही.

१४ मार्च २०२५ ला फ्रान्स आणि चीनच्या एसव्हीओएम या उपग्रहावर आकाशाच्या एका बिंदूकडून गॅमा किरणांची सर आली. दहाएक सेकंदांत संपली. अशा सरीला गॅमा स्फोट म्हणतात, आणि मोठा तारा फुटताना ती निघू शकते. दीड तासाच्या आत अमेरिकेच्या स्विफ्ट उपग्रहाने एक्स-रेमध्ये नेमकी जागा गाठली. त्यानंतर अकरा तासांनी कॅनरी बेटांवरच्या नॉर्डिक दुर्बिणीला तिथे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा विझत चाललेला निखारा दिसला. आणखी चार तासांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने अंतर काढलं. रात्री कॅज्युअल्टीत आलेला पेशंट कसा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर झपाझप सरकतो, तसं हे काम चालतं. उशीर झाला की निखारा राख.

अंतर काढलं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण ते आमचंच काम आहे. एक्स-रे विभागात असताना डार्करूममध्ये हायपोच्या वासात आम्ही ओल्या फिल्म क्लिपला टांगायचो. नवीन मुलींना वाटायचं, फिल्मवर हाडाचा फोटो येतो. हाड पांढरं दिसतं ते तिथवर किरण पोचलेच नाहीत म्हणून. डॉक्टर वाचतात ती सावली. एक ट्यूब लागते, मध्ये पेशंट लागतो आणि पलीकडे फिल्म लागते. ट्यूब कशी हवी? सरळसाधी. तिच्या किरणांत तिचीच नक्षी असेल, तर फिल्मवरचा डाग पेशंटचा की ट्यूबचा, कळणार नाही.

गॅमा स्फोटानंतर मागे राहणारी प्रभा ही तशी ट्यूब आहे. प्रचंड तेजस्वी, आणि तिचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर दिसणारा पट्टा, सपाट उतरत जाणारा, स्वतःच्या रेघा जवळजवळ नसलेला. तो प्रकाश आपल्यापर्यंत येताना आधी त्या ताऱ्याच्या दीर्घिकेतल्या (गॅलेक्सीतल्या) वायूतून जातो, मग दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतून. वाटेत ज्याने जो रंग गिळला तो वर्णपटात गायब. पेशंट म्हणजे तेव्हाचं विश्व, आणि फिल्म आपल्याकडे.

हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो, हे प्रयोगशाळेत पक्कं माहीत आहे. या मार्चच्या स्फोटात प्रकाश साधारण १०१० नॅनोमीटरपाशी येऊन तुटतो. म्हणजे वाटेत विश्व पसरलं, त्याबरोबर प्रकाशाची लांबी ८.३ पट ताणली गेली. माणसाच्या डोळ्याला ७०० नॅनोमीटरच्या पुढे फारसं काही दिसत नाही. साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीतून तिथे काळोख, अवरक्त दुर्बिणीतून ठिपका. तो काळोख कुठून सुरू होतो, त्यावरून विश्वाचं तेव्हाचं वय काढलं: ७३ कोटी वर्षं.

आणि त्या कडेचा आकारही बोलतो. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निवलं, प्रकाश मोकळा झाला, आणि मग सगळीकडे मुख्यतः थंड हायड्रोजन. पहिले तारे पेटले तेव्हा त्यांच्या अतिनील किरणांनी हा हायड्रोजन फोडायला सुरुवात केली. जानेवारीत सकाळी बायपासवर धुकं पडतं, ते एकदम सगळीकडून उठत नाही, आधी जागोजागी भोकं पडतात, तसं. हे काम पहिल्या शंभर कोटी वर्षांच्या आसपास पुरं झालं. त्या काळातला प्रत्येक स्फोट म्हणजे धुक्यात पेटलेला एक दिवा. कड चाकूने तासल्यासारखी की उताराची, यावरून त्या दिव्यापाशी धुकं किती उरलं होतं ते कळतं.

४ सप्टेंबर २००५ ला असाच एक दिवा लागला होता. विश्व तेव्हा ९० कोटी वर्षांचं. हवाईतल्या जपानी सुबारू दुर्बिणीने त्याची प्रभा विझायच्या आत वर्णपट घेतला. त्यात कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि गंधक यांच्या सावल्या सापडल्या. गंधक! खरजेवर लावतात त्या मलमातलं. महास्फोटातून फक्त हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम निघालं होतं. म्हणजे ९० कोटी वर्षांपर्यंत ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, रांधून, मरून गेली होती. त्या ताऱ्यांपैकी एकही आपल्याला दिसलेला नाही, पण त्यांच्या चुलीची राख दिसली. ('आपण सगळे ताऱ्यांची धूळ' हे वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते आता कपांवर छापलेलं मिळतं.)

आपल्या चौकटीत 'आजवरचा सर्वांत दूरचा स्फोट' असंही होतं. ती अर्धी चूक. २३ एप्रिल २००९ चा गॅमा स्फोट याहून लांबचा आहे. विश्व तेव्हा ६३ कोटी वर्षांचं होतं. या वेळचा विक्रम वेगळा: गॅमा सर येऊन गेल्यावर मागे फुललेला अतिनवतारा, म्हणजे फुटलेला तारा स्वतः, इतक्या लांबून पहिल्यांदा दिसला. त्याआधीचा विक्रम विश्व १८० कोटी वर्षांचं असतानाचा होता. बंदुकीचा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बंदूक दिसणं वेगळं.

इथे मला १९८७ सालात जावं लागतं. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत, एक लाख साठ हजारांहून अधिक प्रकाशवर्षांवर, एक तारा फुटलेला दिसला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. इंदुरातून मात्र नाही. दक्षिणेकडचा तो तुकडा आमच्या क्षितिजावर कधी येतच नाही. सरांना त्याची फार चुटपुट लागली होती. वर्ष-दीड वर्षाने ते एका मासिकातून उतरवून घेतलेले आकडे घेऊन आले, आणि दुपारी पेशंट संपल्यावर सेमी-लॉग कागदावर ठिपके मांडत बसले. सोर्सची घट मांडायला आम्ही तोच कागद वापरायचो. त्याच्यावर कोबाल्टची घट सरळ रेघेत येते. ताऱ्याचे ठिपकेही, पहिले काही महिने सोडले तर, सरळ रेघेत उतरत होते.

"ओळख," म्हणाले.

मी काय ओळखणार! मी म्हटलं, "सोर्स म्हातारा होतोय."

"कुठला सोर्स?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तारा फुटतो तेव्हा पोटात निकेल-५६ तयार होतं. ते सहा दिवसांत निम्मं होऊन त्याचं कोबाल्ट-५६ बनतं. कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मा होतो आणि त्याचं लोखंड होतं. स्फोटाचा पहिला भर ओसरला की पुढचे कित्येक महिने जे तेज दिसतं ते या कोबाल्टचं. आमच्या कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे. हे आकडे मला झोपेतही येतात. त्या ताऱ्यातल्या कोबाल्ट-५६ चे ०.८४७ आणि १.२३८, आणि ते उपग्रहांवरच्या यंत्रांनी खरोखर मोजले होते. सर म्हणाले, "आपला सव्वापाच वर्षांनी निम्मा, त्याचा अडीच महिन्यांनी. बाकी घराणं एकच."

तो कागद माझ्याकडे आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, तो माझ्या हातून पडला.

म्हणून डिसेंबरातली बातमी वाचल्यावर मी आधी तारखा पाहिल्या. गॅमा सर १४ मार्चची, आणि वेब दुर्बीण वळवली १ जुलैला. साडेतीन महिने हे लोक काय करत होते? जगातली सगळ्यात महागडी दुर्बीण हाताशी असताना थांबले का? तर मुद्दाम थांबले. विश्वाच्या पसरण्यात जशी प्रकाशाची लांबी ८.३ पट ताणली गेली, तसाच काळही. तिथला एक दिवस आपल्याला सव्वाआठ दिवसांत दिसतो. १४ मार्च ते १ जुलै हे १०९ दिवस. भागिले ८.३, म्हणजे तिथले तेरा दिवस. अशा स्फोटाचं तेज आठवडा-दोन आठवड्यांत शिगेला पोचतं, तोच मुहूर्त त्यांनी धरला. आणि ती दहा सेकंदांची गॅमा सर तिथे जेमतेम सव्वा सेकंदाची होती.

मग मी वहीच्या मागच्या पानावर ७७ गुणिले ८.३ केलं. उत्तर ६३९. सरांचा ७७ दिवसांचा कोबाल्ट त्या ताऱ्यात आपल्याला ६३९ दिवसांनी निम्मा झालेला दिसेल. दिसायचा झाला तर, कारण तोवर तो फारच मंद झालेला असेल. पावणेदोन वर्षं! आमच्याकडे एकदा सोर्स बदलण्याची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतकी रेंगाळली, की सोर्स पाव ताकदीवर आला आणि सिकाईची रांग संध्याकाळी सातपर्यंत जायला लागली. पेशंट विचारायचे, पहले तो जल्दी होती थी? मी म्हणायचे, सोर्स बुढा हो गया. तिथे वेळ खरंच जास्त लागत होता, इथे तो फक्त आपल्याला जास्त दिसतो. हा फरक काकांना समजावताना माझा चहा थंड झाला.

निष्कर्ष काय निघाला, ते चौकटीत शेवटी एका ओळीत तरी यायला हवं होतं, कारण चक्रावून टाकणारं तेच आहे. सुरुवातीच्या विश्वात जड मूलद्रव्यं थोडी. त्यामुळे तेव्हाचे तारे जास्त वजनदार, अल्पायुषी आणि मरणही वेगळ्या तऱ्हेचं असेल, अशी अटकळ होती. आणि दिसलं काय? ७३ कोटी वर्षांच्या विश्वातला हा तारा अगदी आपल्या शेजारपाजारच्या स्फोटांसारखाच मेला. १९९८ साली गॅमा सरीबरोबर पहिल्यांदा ज्या अतिनवताऱ्याची गाठ दिसली, त्याच्याशीही याचं तेज जुळतं. यावर माझं मत विचाराल तर एका फिल्मवर निदान करू नये. आमच्याकडे डॉक्टर निदान दुसरा व्ह्यू मागवायचे. पण असे स्फोट मुळातच विरळ. विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांतले गॅमा स्फोट पन्नास वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच मिळाले आहेत. एक तर तारा पुरेसा मोठा हवा. त्याचा गाभा कोसळून कृष्णविवर व्हायला हवं. त्यातून दोन बाजूंना झोत निघून त्यांनी ताऱ्याला आरपार भोक पाडायला हवं. आणि त्यातला एक झोत नेमका आपल्या तोंडावर रोखलेला हवा. झोत जरा बाजूला असेल तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे सगळं सुरू झालं ते मात्र संशयातून. अंतराळात कुणी चोरून अणुचाचणी करतंय का, हे पाहायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ ला त्यांच्यावर जी गॅमा सर आली ती कुठल्याही बॉम्बसारखी नव्हती, आणि ती पृथ्वीवरून किंवा सूर्यावरून आलेली नाही हे पडताळून जाहीर करायला १९७३ उजाडलं. पहारेकऱ्याला चोर सापडला नाही, पण पलीकडच्या डोंगरावरचा वणवा दिसला.

आपल्या देशाचाही यात हात आहे, हे चौकटीत दोन शब्दांत सांगता आलं असतं. २०१५ च्या २८ सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर गॅमा सरी पकडणारं यंत्र आहे. त्याने शेकडो सरी पकडल्या आहेत, आणि त्याची माहिती पुण्याला आयुकात वाचली जाते. लडाखमध्ये हानलेला अशा विझत्या निखाऱ्यांच्या मागे धावणारी दुर्बीण आहे. इथे इंदुरात सिमरोलला आयआयटीत खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पुढच्या वेळी शून्यं मोजून घ्यायची असतील तर तिथली मुलं आनंदाने मोजून देतील.

आता चित्राबद्दल. आपण छापलेलं ते निळं-केशरी, फवारे उडवणारं चित्र हे चित्रकाराने काढलेलं आहे. खाली तसं लिहायला हवं होतं. वेबचा खरा फोटो मी नातवाकडून मोबाईलवर मोठा करून पाहिला. काळ्यावर एक लालसर ठिपका, आणि तोही शेजारच्या दीर्घिकांच्या गर्दीत शोधावा लागतो. मला तोच जास्त आवडला. डार्करूममध्ये शिकलेल्या बाईला चकचकीत चित्राचा भरवसा वाटत नाही.

हिवाळ्यात रात्री आठ-साडेआठला आमच्या गच्चीवरून, लोकमान्य नगरच्या दिव्यांच्या वर, मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या खांद्यावरचा तांबूस तारा काक्षी, इंग्रजीत बेटलज्यूस. २०१९ च्या शेवटी तो एकदम मंदावला, तेव्हा 'आता फुटणार' म्हणून सगळीकडे बोभाटा झाला होता. फुटला नाही. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा मध्ये आला होता. मी कधीमधी जाऊन बघून येते. फुटला असेल आणि बातमी वाटेत असेल, असंही होऊ शकतं. माझ्या लहानपणी मुंबईचा मराठी पेपर आमच्याकडे टपालाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायचा आणि वडील त्याला 'आजचा पेपर' म्हणूनच वाचायचे. आईने कधी त्यांना टोकलं नाही.

तेव्हा विनंती इतकीच, की '७ कोटी ३० लाख' ऐवजी '७३ कोटी' आणि 'महास्फोट' ऐवजी 'अतिनवतारा' असे वाचावे, अशा दोन ओळी छापाव्यात. सोन्याच्या भावाखाली छापल्या तरी चालतील. माझं नाव छापू नये. भिशीतल्या बायका म्हणतील, हिला आता दिवसा तारे दिसायला लागले. काकांना मी सगळं तोंडी सांगून झालं आहे. ते म्हणाले, "पेपरात येऊ द्या ताई, मग मानतो."

आपली एक वाचक,
(निवृत्त किरणोपचार तंत्रज्ञ)
लोकमान्य नगर, इंदूर